भिंतीवर रंगीत चालत नाही

"काळा-पांढरा काढ," तेपाएरू मावशी म्हणाली, आणि मेटुआला वाटलं, ही थट्टा करतेय.

मेटुआला काळा-पांढरा काढ म्हणणं म्हणजे आचाऱ्याला मिठाशिवाय रांध म्हणण्यासारखं. अख्ख्या रारोटोंगा बेटावर रंग म्हटला की मेटुआ. बाहेरदेशातून वाळूवर लग्न लावायला येणारी जोडपी आधी त्याची तारीख धरायची आणि मग पाद्र्याची. त्याच्या फोटोतला समुद्र खऱ्या समुद्रापेक्षा निळा, फुलं खऱ्या फुलांपेक्षा लाल. बाजारातले लोक म्हणायचे, "मेटुआने काढला तर परवाचा मासासुद्धा आत्ता जाळ्यातून काढल्यासारखा दिसतो." हे कौतुक होतं की टोमणा, ते मेटुआने कधी विचारलं नाही. माणसाने सगळंच विचारू नये.

"मावशी, अगं मागे तुझी लाल-हिरवी तिवाईवाई गोधडी आणि फोटो काळा-पांढरा? कशाला?"

"भिंतीसाठी."

एवढंच बोलली, पण कुठली भिंत ते सांगायला नको होतं. मावशीच्या पुढच्या खोलीत दोन भिंती होत्या. एका भिंतीवर जिवंत माणसं, रंगीत, बहुतेक मेटुआनेच काढलेली. दुसरीवर गेलेली माणसं, सगळी काळी-पांढरी, प्रत्येकाच्या चौकटीवर शिंपल्यांची माळ. मधोमध मावशीचा नवरा, तेरेई काका. दोन वर्षांपूर्वी मेटुआचा चुलतभाऊ गेला तेव्हा त्याच्या बायकोने हौसेने त्याचा रंगीत फोटो आणून लावला. मावशीने तो काढून तिच्या हातात परत ठेवला. म्हणाली, "रंग जित्यांचा असतो, पोरी. ह्या भिंतीवर रंगीत चालत नाही."

आता मावशीला हृदयाच्या ऑपरेशनसाठी ऑकलंडला न्यायचं होतं. आठवड्याच्या शेवटी विमान. डॉक्टर गोड बोलत होता, आणि डॉक्टर गोड बोलायला लागला की काय समजायचं ते शहाण्याला कळतं. मावशीला कळलं होतं. मेटुआला कळून घ्यायचं नव्हतं.

"तू परत येणार आहेस," तो म्हणाला.

"येणारच. बसून किंवा आडवी. आडवी आले तर तिवाईवाई माझ्याबरोबर खड्ड्यात जाणार. मग मागे काय राहील? एक फोटो. तो नीट काढ म्हणजे झालं."

तेही खरंच. तिवाईवाई म्हणजे काही साधी गोधडी नव्हे. बाई जन्मभर शिवते ती सगळी वाटण्यासाठी, लग्नात, पोराच्या जावळात, पाहुण्यांना. पण एक स्वतःपुरती राखून ठेवते, शेवटी अंगावर घेऊन जायला. मावशीने ही शिवायला घेतली तेव्हा तिच्या डोळ्यांना सुईचं नाकं दिसत होतं. पुरी झाली तेव्हा दोरा ओवून द्यायला मैत्रीण अकाईती लागायची. हिरव्या कापडावर लाल जास्वंदी, पाकळी न् पाकळी, देठ न् देठ. तेरेई काकांचं थडगं बेटाच्या रीतीप्रमाणे अंगणातच; त्याच्यावर बसून तिने ती शिवली होती. म्हणायची, "त्याला पण कळू दे काय चाललंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या मैत्रिणींनी अंगणात दोरी बांधून तिवाईवाई टांगली. ह्या सगळ्या एकत्र बसून शिवणाऱ्या, त्यामुळे एकत्र बसून बोलणाऱ्याही. त्यांची म्होरकी अकाईती. आवाज असा, की चर्चमध्ये ती गायला लागली की बाजा गप्प बसायचा. मावशी पांढरा चर्चचा झगा घालून पुढे खुर्चीवर बसली. मेटुआने फोटो काढला. उजेड छान होता, मावशी स्थिर होती, सगळं बेतशीर. रंगीत फोटो इतका झकास आला की अकाईती म्हणाली, "आता ह्यातला रंग काढायचा म्हणजे कोंबडीची पिसं उपटायची. किती वेळ लागतो?"

"एक कळ दाबायची."

त्याने कळ दाबली, आणि तिवाईवाई गेली.

म्हणजे गेली! मावशी होती, खुर्ची होती, वर झाडाची फांदी होती. मागे मात्र नुसतं राखाडी कापड. फूल नाही, पान नाही, देठ नाही. मेटुआला वाटलं यंत्र बिघडलं. त्याने परत रंग आणला, जास्वंदी जागच्या जागी. रंग काढला, राख. आणला, काढला, आणला, काढला. बायका मागे गोळा झाल्या.

"मेट्या," अकाईती म्हणाली, "तू काय हिची तिवाईवाई धुतलीस की काय रे?"

"लाल आणि हिरवा एकाच वजनाचे आहेत," तो पुटपुटला. "रंग काढला की दोघं सारखेच होतात."

"रंगाला वजन कधीपासून आलं? आणि लाल न् हिरवा सारखे? मग पिकलेली मिरची आणि कच्ची मिरची सारखीच म्हण की!"

बायका हसल्या. मावशी हसली नाही. तिने कॅमेऱ्याच्या पडद्याजवळ डोळे नेले, आणि बोट राखाडीवरून फिरवलं, जिथे जास्वंद असायला हवी होती तिथून.

"म्हणजे माझ्याबरोबर जमिनीत जास्वंदी जाणार," ती म्हणाली, "आणि पोरांच्या डोळ्यांपुढे हे पोतेरं राहणार?"

"मावशी, रंगीतच ठेवू ना. किंवा दुसरी लावू मागे. ती पांढऱ्यावर निळी होती ती उठून दिसेल."

"ती अकाईतीच्या सुनेला दिली. आणि दुसऱ्याची तिवाईवाई मागे लावून बसू? दुसऱ्याच्या पातळात लग्न करतं का कुणी?"

मेटुआने हात टेकले. इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणारा माणूस, आणि कुठं घोडं पेंड खातंय तेच कळेना. आईने त्याला तान्हा असतानाच मावशीच्या पदरात टाकला होता, बेटावर असं चालतंच. मावशीने त्याला वाढवलं, पहिला कॅमेरा तिनेच घेऊन दिला. आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एक फोटो मागितला तर ह्या शहाण्याला तो काढता येईना.

मग त्याने एक काम केलं. कॅमेऱ्याचा पडदाच काळा-पांढरा करून ठेवला आणि बाजारात गेला. म्हटलं, ह्या नजरेने बघायला शिकू. कसलं काय! कॅमेऱ्यातून बघितलं तर पिकली पपई कुठली आणि हिरवी कुठली कळेना. समुद्र आणि आभाळ मिळून एकच पेज झालेली. ज्या निळाईवर त्याची चूल पेटत होती ती निळाई म्हणजे नुसता मळका पट्टा. फुलांचे मुकुट विकणाऱ्या बाईसमोर तो इतका वेळ खुळ्यासारखा उभा राहिला की ती म्हणाली, "मेटुआ, घेणार आहेस की नजर लावणार आहेस?"

तिच्या शेजारी एक म्हातारा नारळ सोलत होता. मेटुआने सहज कॅमेरा तिकडे वळवला, आणि थांबला. म्हाताऱ्याच्या हाताची एकेक शीर, नारळाचा एकेक धागा, लोखंडी पहारीची धार. हे सगळं तिथेच होतं, रोज होतं, पण रोज त्याचे डोळे आधी शेजारच्या मुकुटांवर जायचे. त्याला बरं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. नक्की काय वाटतंय, तेच कळेना. नेहमी कुठे बघायचं ते रंग सांगायचा. आता कुणी सांगत नव्हतं, आणि जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरासारखं त्याला झालं होतं.

आपल्या फोटोच्या दुकानात येऊन त्याने नावाजलेले फोटो बाहेर काढले आणि एकेकाचा रंग काढून बघितला. तो मावळत्या उन्हातल्या नवरीचा, ज्याच्यावर त्याचं नाव चाललं होतं, त्यात रंग गेल्यावर एक कंटाळलेली पोरगी उभी होती. बस. बाकीच्यातही फारसं काही नव्हतं. त्याने घाईघाईने सगळ्यांचे रंग परत आणले. उगाच कशाला झाकली मूठ उघडायची?

पण मावशीचं काय?

दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोटोतल्या प्रत्येक रंगाची एक सरकती पट्टी असते, हे त्याला ठाऊक होतं. वापरायची वेळ कधी आली नव्हती. लाल पट्टी पुढे ओढली की फोटोत जे जे लाल असेल ते उजळतं, मागे ओढली की काळं पडतं. त्याने लाल पुढे ओढली, हिरवी मागे. आणि अहाहा! काळ्याभोर कापडावर पांढऱ्याशुभ्र जास्वंदी उमलल्या. देठ दिसले, टाके दिसले. मेटुआ खुर्चीतून उठून नाचलाच. त्यात आणखी एक गंमत झाली. मावशीच्या तपकिरी कातडीत लाल होताच; तोही उजळला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, सुरकुत्या गेल्या, गाल भरले. मावशी वीस वर्षांनी लहान झाली. मेटुआ तिच्याकडे बघतच राहिला. अशी मावशी त्याच्या लहानपणी होती. ऑपरेशनबिपरेशनची गरज काय हिला!

फोटो घेऊन तो पळत पळत गेला. अकाईतीने किंकाळीच मारली.

"अगं बाई! ही कोण नवरी बसवलीस खुर्चीत? तेपाएरू, ह्या वयात कुणाशी जमवलंस गं?"

मावशीही हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला. हसू उतरलं.

"ही पांढरी फुलं कसली?"

"तुझ्या जास्वंदी, मावशी. बघ की, देठ न् देठ आलाय."

"मी लाल शिवल्या. काय मस्करी आहे? पांढरी जास्वंद कुणाच्या बापाने शिवली?"

"काळ्या-पांढऱ्यात लाल लाल कसा दिसेल? पट्ट्या ओढून कसातरी दाखवायचा, उजळ नाहीतर काळा. उजळ छान दिसतो. तूही किती छान दिसतेस बघ."

"छान दिसायला नाही बसले मी. ह्या बाईला मरायला अजून खूप अवकाश आहे." तिने फोटो त्याच्या हातात दिला. "असा लावलास तर तेरेई भिंतीवरून विचारेल, ही कोण शेजारी आणून टांगली?"

मेटुआचं तोंड एवढंसं झालं. तो पुढच्या खोलीत त्या भिंतीपुढे जाऊन उभा राहिला. काका, काकांचे वडील, मावशीची आई. सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले, करडे, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी असे. लहानपणी त्याला वाटायचं, ही माणसं मेल्यावर अशी झाली.

मावशी काठी टेकत मागे येऊन उभी राहिली.

"लग्नातला शर्ट आहे तो," ती काकांकडे बघून म्हणाली. "इतका लाल, की पाद्र्याने तोंड वाकडं केलं."

"लाल? हा तर काळा आहे, मावशी."

"फोटोत. मला लालच दिसतो."

मेटुआने परत शर्टाकडे बघितलं. काळाकुट्ट. पूर्वीच्या काही फिल्मांना लाल दिसतच नसे, तो काळा उतरे, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता त्याला सगळं उमगलं. माणसाच्या कातडीतला लालही त्या फिल्मांनी असाच काळा केला असणार; म्हणून हे चेहरे असे. मेल्यामुळे नव्हे. मावशीला जास्वंदी काळ्या हव्या होत्या, काकांच्या शर्टासारख्या. तिच्या डोळ्यांना तोच लाल होता.

सोपं तर होतं. लाल मागे, हिरवा पुढे. दुकानात बसून त्याने पट्टी ओढली, आणि फिक्या कापडावर काळ्या जास्वंदी ठसठशीत उठल्या. वर वर बघून त्याने शीळ घातली. मग नजर खाली मावशीच्या चेहऱ्यावर आली, आणि शीळ तोंडातच राहिली.

ओठ काळे पडलेले. डोळ्यांखाली सूज. गळ्याची शीर ताणलेली, गाल आत गेलेले. ही म्हातारी होती, थकलेली, आणि आजारी, खूप आजारी. पट्टीने हे काही बनवलं नव्हतं. मूळ फोटोत हे सगळं होतं. लाल-गुलाबी रंगाआड झाकलं गेलं होतं इतकंच. मेटुआ रोज तिच्या घरी जेवायला जात होता, रोज तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि रोज त्याला तिच्या केसातलं फूल दिसत होतं. सरळ सांगायचं तर तो घाबरला. पट्टी पुढे नेली की मावशी बरी, मागे नेली की मावशी चालली. किती वेळ तो तेच करत बसला. शेवटी त्याला कळेना की आपण फोटो नीट करतोय की मावशीला.

आणि मग त्याने लबाडी केली. काळ्या जास्वंदी घेतल्या ह्या फोटोतल्या, चेहरा घेतला त्या नवरीच्या फोटोतला, आणि दोन्ही बेमालूम जोडून टाकले. लग्नात मिटलेल्या डोळ्यांच्या जागी उघडे डोळे बसवण्यात त्याची हयात गेली होती. हे तर डाव्या हाताचं काम. हा जोडलेला आणि तो खरा, असे दोन्ही फोटो छापून त्याने एका पाकिटात घातले. दुसरा कशाला घातला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

विमानाच्या सकाळी मावशीच्या घरी ही धांदल. डब्यात अळूचे कंद, केळीच्या पानात बांधलेलं कायबाय, ऑकलंडच्या नातेवाइकांसाठी गोठवलेले मासे. बॅगेत सगळ्यात तळाला मावशीने स्वतःच्या हाताने तिवाईवाई घातली होती. कपडे मग, उरलेल्या जागेत. अकाईती बॅगेवर बसून तिचा बंद ओढत होती.

मेटुआने जोडलेला फोटो काढून मावशीच्या हातात दिला.

"आल्या गं बाई जास्वंदी!" अकाईती बॅगेवरून ओरडली.

मावशी जास्वंदींकडे बघून आधी खुलली. एकेक फूल बोटाने मोजल्यासारखं बघितलं. मग म्हणाली, "तिवाईवाई माझी. बाई मात्र परवाचीच दिसते."

"मावशी, तीच तू..."

"मेट्या, तू खोटं बोलायला लागलास की कान खाजवतोस, अगदी लहानपणापासून. पाकिटात दुसरा आहे ना?"

"तो बरा नाही आला."

"दे इकडे."

त्याने दिला नाही. तिनेच त्याच्या हातातून पाकीट ओढून घेतलं आणि दुसरा फोटो बाहेर काढला. खिडकीपाशी उजेडात नेला. अकाईती उठून तिच्या खांद्यावरून बघायला गेली, आणि ती, जिचं तोंड झोपेतही मिटत नाही म्हणतात, ती परत येऊन बॅगेवर बसली. मावशी बघत राहिली. काळे ओठ, डोळ्यांखालची सूज, गळ्याची शीर, आणि मागे तिच्या जास्वंदी, सगळ्या. मेटुआला वाटलं आता ही कोसळेल. तो हात पुढे करून उभा राहिला.

मावशीच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं, पोटभर जेवल्यावर येतं तसं.

"हां," ती म्हणाली. "हा बरोबर. ह्यात मी मेलेली दिसते. शाब्बास, पोरा. कसं बाई जमलं तुला!"

मेटुआने आजवर गोऱ्या नवरदेवांची शाबासकी घेतली होती, हॉटेलवाल्यांची, मंत्र्याच्या बायकोची. ही त्याला घेता येईना. तो बॅगेपाशी मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला, एवढा थोरला बाप्या. अकाईतीने तोंड फिरवून बॅगेचा बंद उगाच परत ओढला. बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

मावशीने फोटो जपून पाकिटात घातला, पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रड हवं तर," ती म्हणाली. "पण मी गेल्यावर त्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. ऐकलंस?"